औशाच्या माळावरचं जहाज

मी एक जुनं जहाज आहे. हसू नका, मित्रांनो. हसायचंच असेल तर आधी माझ्याजवळ या, बोटाच्या पेराने मला वाजवून बघा आणि मग हसा. पाण्याच्या साध्या टाकीचा आवाज असा येत नाही. औशाच्या अलीकडे, सडकेच्या फाट्यापासून आत गेलं की एक उघडा माळ लागतो. तिथे चार मोठ्या दगडांवर मी बसलोय. समुद्र इथून शेकडो मैल लांब आहे. गावाचं नाव मी सांगणार नाही. गावाला त्या दिवसांची अजून लाज वाटते, आणि लाज वाटणाऱ्याला चारचौघांत नावाने पुकारू नये.

माझा जन्मही समुद्रावर झाला नाही. दुसरं महायुद्ध चालू होतं. अमेरिकेत, एका नदीच्या काठी, मक्याच्या रानाला लागून मला बांधलं. पुरुषमाणसं लढाईवर गेली होती, म्हणून माझे पत्रे जोडायला बायका होत्या. माझ्या तोंडाला दोन मोठाली दारं होती. ती जोडणाऱ्या बाईने काम संपल्यावर जाड हातमोजा काढला आणि दारावर उघडा हात फिरवला. नव्या वासरावर फिरवतात तसा. माझ्या आयुष्यात मला लागलेला तो पहिला हात. त्यानंतर बरेच हात लागले, आणि त्यातले थोडेच मायेचे होते.

मला नाव नव्हतं, नुसता नंबर होता. मी दिसायला कुरूप होतो, हे मी आधीच कबूल करतो. सव्वातीनशे फुटांचं लांबलचक धूड, बूड परातीसारखं सपाट. जरा लाट आली की मी असा डुलायचो की खलाशांच्या पोटातलं सगळं बाहेर यायचं. ते म्हणायचे, हे जहाज नव्हे, तरंगता गोठा आहे. पण माझं काम दुसऱ्या कुठल्या देखण्या जहाजाला जमणारं नव्हतं. मी पोटात वीस रणगाडे घेऊन थेट शत्रूच्या किनाऱ्यावर चढायचो, वाळूत तोंड रुतवायचो, दारं उघडायचो आणि रॅम्प खाली टाकायचो. रणगाडे माझ्या तोंडातून चालत जमिनीवर उतरायचे.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. किनाऱ्यावर चढणं सोपं असतं. अवघड असतं परत निघणं. म्हणून किनारा बराच लांब असतानाच माझा मागचा नांगर समुद्रात सोडायचा, त्याची लोखंडी दोरी सोडत सोडत पुढे जायचं, आणि काम झालं की त्याच दोरीला धरून स्वतःला मागे ओढायचं. नांगर लवकर टाकला तर दोरी पुरत नाही. उशिरा टाकला तर नांगर पकड घेत नाही, आणि मग भरती येईपर्यंत जहाज चिखलात. आड खणायला उतरणारा माणूस आधी वर दोर पक्का बांधतो, तसंच हे.

पंचेचाळीस सालच्या सुरुवातीला मला ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याकडे पाठवलं. त्या वेळी माझ्या पोटात हिंदुस्थानी पायोनियर पलटणीचे लोक होते. हे लोक बंदुकीपेक्षा फावडं जास्त चालवायचे. रणगाड्यापुढे चिखलात बांबूच्या चटया अंथरायच्या, दारूगोळ्याच्या पेट्या उतरवायच्या, मेलेल्यांना पुरायचं, ही त्यांची कामं. त्यात दोन मित्र होते, भीमा आणि ग्यानोबा. दोघे याच माळावरच्या महारवाड्यातले. हा मुलूख तेव्हा निजामाचा. दोघे पायी सोलापूर गाठून भरती झाले होते. घरी ग्यानोबाची म्हातारी आई भामाबाई आणि धाकटी बहीण सरजा. बोटीवर दोघे माझ्या दाराला पाठ लावून बसायचे आणि गावच्या गप्पा मारायचे.

"आपल्या हिरीपरीस ह्ये पानी लई हाय," ग्यानोबा समुद्राकडे बघून म्हणायचा, "पर घोटभर पेता येत न्हाई."

"आपल्या हिरीचं तरी कुटं पेता येतंय," भीमा म्हणायचा. गावच्या विहिरीवर त्यांना चढायची बंदी होती. कुणी वरून ओतलं तर प्यायचं, नाहीतर घागर रिकामी घेऊन परत. दोघे हसायचे. मला त्या वेळी त्या हसण्याचा अर्थ कळला नव्हता.

मग तो दिवस आला. पहाटे आम्ही किनाऱ्याकडे निघालो. समोर खारफुटीची झाडं, खाली काळा चिखल. सगळं शांत होतं, आणि मला शांतता कधीच आवडली नाही. झाडांतून पहिला गोळा आला तो थेट माझ्या माथ्यावरच्या खोलीत. नांगर सोडायचा हुकूम द्यायला जो साहेब तिथे उभा होता, तो हुकमासकट गेला. मागे नांगरावर विशीतलं एक गोरं पोर होतं. ते हुकमाची वाट बघत राहिलं. शिस्तीचं पोर होतं हो, पण त्या दिवशी शिस्तच आम्हांला नडली. त्याने घाबरून नांगर सोडला तेव्हा किनारा हाकेवर आला होता. मी चिखलात रुतलो, आणि नांगराने काही पकडलंच नाही.

दारं उघडली. रॅम्प पडला. पायोनियर चटया घेऊन धावले आणि माझ्या डोळ्यांदेखत कणसं खुडावीत तसे पडू लागले. पहिला रणगाडा त्यांच्या मागून उतरला. चटया संपल्या तिथे त्याखाली सुरुंग फुटला. रणगाडा माझ्या तोंडासमोरच पेटला. आतली माणसं किंचाळत होती, ती फार वेळ किंचाळली नाहीत. मग आतला दारूगोळा फुटायला लागला. जळते तुकडे रॅम्पवरून माझ्या पोटात येऊ लागले, आणि पोटात एकोणीस रणगाडे आणि पेट्यांच्या थप्प्या होत्या.

ग्यानोबाच्या पोटात गोळी लागली होती. भीमा त्याला काखेत धरून रॅम्पवर ओढत होता. गोळ्या माझ्या दारांवर तडतडत होत्या. सात ठिकाणी खड्डे पडले, एक आरपार गेली. भीमा आत पोचला आणि उरलेल्यांतल्या एका साहेबाने हुकूम दिला, दारं बंद करा.

मित्रांनो, त्या साहेबाला मी दोष देत नाही. दारं उघडी राहिली असती तर आम्ही सगळेच उडालो असतो. पण चिखलात अजून माणसं होती. नऊ जण रांगत, सरपटत दारापर्यंत आले होते. रॅम्प वर आला, दारं मिटली, आणि ते बाहेर राहिले. त्यांनी बाहेरून दारावर हात आपटले. "खोलो, भाई, खोलो," असं कुणीतरी ओरडत होतं. भीमा आतून दारं उघडायच्या चरखीकडे धावला. दोघांनी त्याला धरून ठेवलं. हातांचा आवाज आधी नऊ जणांचा होता, मग चार-पाचांचा, मग एकाचाच. तो एक हात बराच वेळ आपटत होता. मग तोही थांबला. मला दार म्हणून बनवलं होतं, आणि त्या दिवशी मी भिंत झालो. हे मी अजून विसरलेलो नाही.

भरतीला सहा तास होते. सहा तास आम्ही तिथेच पडून मार खाल्ला. पाण्याचा नळ फुटला होता. पिण्याचं पाणी उरलं ते एका पिंपात, आणि भांडं सापडलं ते एकच, पांढरा चिनी मुलामा दिलेला लोखंडी मग. त्या मगातून गोरा लेफ्टनंट प्यायला, रत्नागिरीचा खलाशी प्यायला, पंजाबी हवालदार प्यायला. हवालदाराने अर्धा मग पिऊन उरलेलं पाणी भीमापुढे धरलं. भीमा बघतच राहिला.

"पी ना, क्या देखता है," हवालदार वैतागून म्हणाला.

भीमाने ते पाणी ग्यानोबाच्या ओठांना लावलं. ग्यानोबाने एक घोट घेतला. "आयला सांग," तो म्हणाला, "सायबाच्या मगातून पेलो म्हनून." दुसरा घोट त्याच्या तोंडातच राहिला. भरती आली, आम्ही निघालो. ग्यानोबाला समुद्रात सोडलं. तो मग मात्र भीमाने आपल्या थैलीत ठेवला.

लढाई संपली. मला एका व्यापाऱ्याला विकलं. मी मीठ वाहिलं, कोळसा वाहिला, गुरं वाहिली. सत्तेचाळीस साली कराचीहून घरंदारं सोडून आलेली माणसं माझ्या पोटात दाटीवाटीने बसून मुंबईला उतरली. त्यांच्या अंगावरच्या जखमा बघून मला वाटलं, लढाई संपली असं मला उगीच सांगितलं. पुढे माझी इंजिनं थकली. माझ्या नंबरावर रंगाचे इतके थर चढले की तो मलाच आठवेना. कुणी तेल घातलं नाही, कुणी गंज खरवडला नाही. शेवटी एकाहत्तर साली मला मुंबईच्या दारूखान्यात, जहाजं तोडतात तिथे, भरतीच्या पाण्यावर ओढून आणलं.

तोडायला आलेल्यांत एक पन्नाशीचा गॅसकटरवाला होता. त्याने हातोड्याने दारावरचा रंग उडवला. खाली सात खड्डे निघाले आणि आरपार भोकावरचं ठिगळ निघालं. त्याने ठिगळावर हात ठेवला आणि खाली बसला.

"तू हाईस व्हय," तो म्हणाला.

तो भीमा होता. लढाईनंतर गावी जाऊन त्याने भामाबाईला निरोप सांगितला होता, पुढे सरजाशी लग्न केलं होतं, आणि पोटासाठी मुंबईला येऊन वीस वर्षं जहाजं कापत होता. छप्पन साली त्याने महारवाड्यातल्या सगळ्या वस्तीसोबत बौद्ध धम्म घेतला होता. त्यानेच मला कापलं. सांगायला हरकत नाही, फार दुखलं. पण दारं त्याने तोडणाऱ्यांच्या ढिगात जाऊ दिली नाहीत. ती बाजूला उभी करून ठेवली.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. सरजाबाईचं पत्र कुणाकडून तरी लिहून आलं. गावच्या विहिरीला पाणी थोडं उरलं होतं. सरकारी टँकर यायचा तो पाणी विहिरीतच ओतायचा, आणि विहिरीवर वस्तीला चढू देत नव्हते. सरजाबाई दुपारभर उन्हात घागर घेऊन उभी राहिली, कुणी ओतलं नाही, तेव्हा तिने स्वतःच पोहरा सोडला. गावातला मोठा शेतकरी शेषेराव धावत आला. त्याने तिची घागर दगडावर आपटली आणि तिला पायऱ्यांवरून ढकललं. तिचं कपाळ फुटलं. पत्रात शेवटी एवढंच होतं, "रडले न्हाई. पानी पायजे."

भीमाने भंगाराच्या मालकाकडे माझी दारं मागितली, दुसरं काही मागितलं नाही. रविवारी रविवारी बसून त्याने दारांच्या पत्र्याची टाकी जोडली. खाली पितळी नळ बसवला, वर उघडझाप करायला चाक बसवलं. मग एका ट्रकवर घालून मला इथे आणलं. वस्तीतल्या वीस माणसांनी मला लाकडी ओंडक्यांवरून ढकलत या दगडांवर चढवलं. भीमाने तो मग साखळीने माझ्या कडेला बांधला. मग तहसिलीत चार खेपा घालून टँकर वस्तीच्या टाकीत रिकामा करायचा लेखी हुकूम आणला. तहसीलदाराने अट घातली, पाणी सगळ्या गावासाठी.

"सगळ्यांसाठीच हाय सायब," भीमा म्हणाला. "आमी कुणाला अडवनार न्हाई."

चैत्रात गावच्या विहिरीचा तळ दिसला. तरी गावातलं कुणी माझ्याकडे फिरकलं नाही. वस्तीच्या टाकीला हात लावायचा कसा, हा त्यांचा पेच. तोंडं कोरडी पडली, पण पेच सुटेना. एका दुपारी, वस्तीतली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली असताना, शेषेराव पाच-सहा जणांना घेऊन आला. त्याच सकाळी टँकरने मला गळ्यापर्यंत भरलं होतं. राखणीला एकटा भीमा होता.

"टँकर हिरीकडं वळव," शेषेराव म्हणाला. "सांग त्या डायवरला."

"पानी सगळ्याचं हाय. हितनंच न्या की, मालक."

"तुमच्या टाकीला आमी हात लावू? मस्ती आली व्हय रे?"

त्यांनी पहारी काढल्या. माझ्या अंगावर पहिली पहार बसली आणि उलटी उसळून मारणाऱ्याच्याच कपाळात लागली. मी मनातल्या मनात हसलो, खोटं कशाला बोलू. ज्यांनी मला भोकं पाडली ती माणसं तोफा घेऊन आली होती, हे पहारी घेऊन आले होते. पण माझं हसू लवकरच गेलं. शेषेराव नळाकडे वळला. भीमाने चाकावर हात घट्ट धरला. शेषेरावने त्या हातावर पहार घातली. एकदा नाही, तीनदा. बोटं चाकाच्या कांड्यांत चिरडली. भीमा खाली बसला. त्यांनी चाक पुरतं फिरवून नळ मोकळा सोडला.

तिथली जमीन तुम्ही पाहिली नसेल. हात जाईल एवढ्या भेगा. माझ्या पोटातलं सगळं पाणी त्या भेगांनी गटागटा पिऊन टाकलं. त्यांच्यातल्या एकाला एवढ्यावर समाधान झालं नाही. त्याने काडी ओढली आणि जवळच्या छपरावर टाकली. वारा दुपारचा, गावाच्या दिशेने वाहणारा. एक छप्पर पेटलं, मग दुसरं, मग तिसरं, तिसरं भीमाचं. ठिणग्या मधल्या ओढ्यावरून उडाल्या आणि गावाच्या कडेला रचलेल्या कडब्याच्या गंजींवर पडल्या. दुष्काळात जनावरांसाठी जपून ठेवलेला तो कडबा. सगळ्यांत मोठी गंज शेषेरावची.

आता तेच लोक बादल्या घेऊन माझ्याकडे धावत आले. शेषेराव नळाखाली बादली धरून ओरडत होता. नळातून थेंब पडत होते. एक थेंब, मग बऱ्याच वेळाने दुसरा. त्याच्या मागे कडबा जळत होता. गोठ्यात बांधलेले दोन बैल हंबरून हंबरून गप्प झाले. मी त्याला काय देणार होतो? त्याने माझ्यात काही ठेवलंच नव्हतं.

पोलीस आले, पंचनामा झाला. खटला चार वर्षं चालला आणि साक्षीदार एकेक करून फुटले. पण ते पुढचं. तेव्हा गावापुढे प्रश्न एकच होता, पाणी. तीन दिवस टँकर आला नाही. चौथ्या दिवशी आला. चालवणारा उदगीरकडचा धोंडप्पा. गावातल्यांनी त्याला अडवलं, विहिरीकडे चल म्हणाले.

"माझ्या कागदावर टाकी हाय," धोंडप्पा म्हणाला. "हिरीला तळ दिसायलाय, त्यात वतून चिखल पेताव का?" आणि त्याने टँकर माझ्यात रिकामा केला.

मग गाव आलं. बायका पुढे, घागरी घेऊन. पुरुष मागे, माना खाली घालून. शेषेराव सगळ्यांत मागे, बाभळीखाली. माझ्या नळाचं चाक जागेवर नव्हतं. सरजाबाईने ते काढून पदराच्या ओच्यात ठेवलं होतं. ती नळापुढे उभी होती. तिच्या कपाळावर विहिरीच्या पायरीची खूण होती, मागे जळालेल्या घराच्या काळ्या मेढी होत्या. भीमा माझ्या सावलीत बसला होता, चेचलेला पंजा पट्टीत गुंडाळून. वस्तीतले लोक काठ्या घेऊन उभे होते. उन्हाने माझा पत्रा तापला होता. मागून कुणीतरी रडवेलं होऊन माझ्या अंगावर हात आपटला. "उघडा की वो," कुणी म्हणालं. मग दुसरा हात, तिसरा हात. किती तरी हात माझ्यावर आपटू लागले.

मित्रांनो, मी तो आवाज ओळखला. भीमानेही ओळखला. तो पाठ टेकून बसला होता, त्याच्या अंगातूनच तो आवाज जात होता.

"उघड सरजे," तो म्हणाला. "दारावरचे हात म्या एकदा ऐकलेत. मला पुन्ना ऐकवू नगंस."

"यांनी आपलं घर जाळलं."

"जाळलं. तरी उघड."

तिने उघडलं नसतं तर मी तिला दोष दिला नसता. शेवटी तिने ओच्यातून चाक काढलं, नळावर बसवलं आणि थोडंसं फिरवलं. पण घागर पुढे आली तशी ती तिने पायाने बाजूला सारली. साखळीचा मग घेतला, भरला, अर्धा स्वतः प्यायली आणि उरलेला अर्धा समोरच्या बाईपुढे धरला. समोर होती शेषेरावची बायको, नागुबाई.

"ह्यातून माजा भाऊ पेला अन् मेला," सरजाबाई म्हणाली. "गोरा पेला, पंजाबी पेला, त्येंचं काय झडलं न्हाई. आदी हितं एक घोट घ्या. मग न्या घागर भरून, किती बी न्या."

नागुबाईचा हात पुढे येईना. ती मागे वळून नवऱ्याकडे बघत होती. उष्टं, आणि तेही वस्तीतल्या बाईचं. भीमा म्हणाला, "तहानलेल्याला थांबवू न्हाई गं."

"थांबवत न्हाई," सरजाबाई म्हणाली, "पाजतेय."

तेवढ्यात नागुबाईच्या मागून काठी टेकत एक म्हातारी पुढे आली. ती शेषेरावची आई रत्नम्मा, सीमेपलीकडच्या कानडी मुलखातून या गावात दिलेली. तिने सरजाबाईच्या हातातून मग घेतला, तोंडाला लावला आणि सगळा संपवला. पदराने ओठ पुसले. मग बाभळीकडे तोंड करून म्हणाली, "शेष्या, घागरी आण रे, घरातल्या सगळ्या."

त्यानंतर नागुबाई प्यायली. मग तिच्या मागची. मग तिच्या मागची. दुपारभर तो मग भरत होता, अर्धा होत होता, पुन्हा भरत होता. काही बायका डोळे मिटून प्यायल्या, काही रडत प्यायल्या, एक जण तर प्यायली आणि म्हणाली, "गोड हाय की." एकटा शेषेराव प्यायला नाही. पाऊस पडेपर्यंत तो तीन कोसांवरून बैलगाडीने आपल्यापुरतं पाणी आणत राहिला. घरातली बाकीची माणसं माझ्याकडे यायची.

ते माझे चांगले दिवस होते. दोन वर्षं अख्खं गाव माझ्यापुढे एका रांगेत उभं राहिलं. रांगेत भांडणं झाली, लग्नं ठरली, उखाळ्यापाखाळ्या निघाल्या. लोक मला "जहाज" म्हणू लागले. "जहाजावर जाऊन येते," असं बायका म्हणायच्या. इतका मान मला कुठल्या आरमारात मिळाला नव्हता.

मग बरे पावसाळे आले आणि रांग लहान झाली. भीमा ऐंशी साली गेला. तीन बोटं नसलेला उजवा हात शेवटच्या दिवशी त्याने माझ्या ठिगळावर ठेवला होता. ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. हलग्या वाजल्या, गुलाल उडाला, माझ्यावरही कुणीतरी मूठभर उधळला. नव्या जिल्ह्यासोबत नवी नळयोजना आली. मला फार आनंद झाला. मग मी बघितलं, नळ दोन बसले. एक गावात, एक वस्तीत. आता कुणी कुणाला अडवत नाही, कुणी कुणाच्या रांगेत उभं राहत नाही, आणि म्हणून कुणी कुणाच्या हातचं पीतही नाही. हे सगळं मारहाण न करता झालं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या नळाला गंज चढला. माझ्यावर गोवऱ्या थापल्या जाऊ लागल्या.

सरजाबाई मात्र रोज सकाळी मग घासते, भरते आणि माझ्या कडेवर ठेवते. वाटसरू पितात, कधी कावळे पितात.

यंदाच्या वैशाखात वीज गेली आणि दोन्ही नळ तीन दिवस कोरडे होते. भर दुपारी फाट्यावरून एक म्हातारा चालत आला. लातूरच्या नव्या कचेरीत जाऊन आला असावा, काखेत कागदांची पिशवी होती. तो शेषेराव होता. पुढे जाऊन तो परत आला. इकडेतिकडे बघितलं. सरजाबाई पुन्हा बांधलेल्या घराच्या दाराआड होती, ती त्याला दिसली नाही, पण मला दिसली. त्याने मग उचलला. थोडं पाणी शर्टावर सांडलं. तो प्यायला. अर्धं प्यायला आणि थांबला. तहान भागली नव्हती, त्याच्या गळ्याकडे बघून कळत होतं. तरी त्याने उरलेलं अर्धं पाणी तसंच मगात ठेवलं, मग जागेवर ठेवला, आणि भीमाची बोटं चिरडली होती त्या चाकावर जरा वेळ हात ठेवून उभा राहिला. मग गेला.

सरजाबाई बाहेर आली. मगात डोकावून बघितलं. त्या माणसाने तिची घागर फोडली, कपाळ फोडलं, नवऱ्याचा हात मोडला, घर जाळलं. तिने ते पाणी मातीत ओतलं असतं तरी चाललं असतं. तिने तो मग उचलला. मग ते अर्धं पाणी ती प्यायली.

"कोमट हाय," ती मला म्हणाली, आणि तो मग पुन्हा भरायला गेली.

मित्रांनो, मला रंग लावा असं मी म्हणत नाही. मी लोखंड आहे, आज ना उद्या गंजणार. पण सरजाबाई आता थकली आहे. कधी या वाटेने आलात तर तो मग घासा, भरा आणि अर्धा प्या. उरलेला अर्धा पुढच्या माणसासाठी तसाच ठेवा.